गोदा की सरस्वती

अण्णा,

यंदा अधिक महिना आला आणि पंचमी लांबली. नेहमीसारखी वेळेवर आली असती तर पंचमीला तू होतास. आता तू म्हणशील, "काशे, पंचांगावर कशाला राग काढतीस?" काढते. माणसावर काढायचा तर माझा राग सोसणारं माणूस आता कोण शिल्लक आहे?

पंचमीच्या आदल्या दिवशी मी सवयीनं भावाचा उपास धरला. सकाळी सूनबाईनं चहाचा कप पुढं केला, तो हातानंच मागं सारला. ती कप घेऊन आत गेली आणि चुलीपुढं बराच वेळ पाठमोरी बसून राहिली. मला मात्र दुपारी लाह्या निवडताना उमगलं. उपास भावाचा, आणि भाऊच नाही. सूप मांडीवर तसंच राहिलं. शेजारची आक्का म्हणाली, "मोडू नगासा. नागोबाला भाऊ मानायचं आन् उद्या सोडायचा उपास." मी म्हटलं, "मानते की. पण नागोबा मला हाक काय म्हणून मारणार? जानकी म्हणून?" तिला वाटलं, भावाच्या दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं. तसंही असेल.

तुझ्या दिवसांना बेळगावात, खासबागेतल्या तुझ्या घरी लोक येऊन तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेले. शिस्तीचे मास्तर, हाताला वळण लावणारे मास्तर, कुणाचं फुकटचं पानसुद्धा न खाणारे मास्तर. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांचा मास्तर कुणी वेगळाच होता, माझी त्याच्याशी ओळख नाही. तुझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "मास्तरांना वंशावळीचा नाद होता." नाद! कुणाला तंबाखूचा असतो, कुणाला तमाशाचा असतो, तसा. मला हसू फुटलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. बायकांना वाटलं, मी रडतेय. थोड्या वेळानं त्यांचं वाटणं खरं झालं.

त्या नादाची सुरुवात मी डोळ्यांनी बघितलीय. सुगी आटोपली होती आणि मी चार दिवस वडगावला माहेरी आलेली होते. शेजारच्या घरांत माग खटखटत होते, त्या खटखटीतून घंटा ऐकू आली. हेळवी आला होता. माझी नातवंडं विचारतात, आज्जी, हेळवी म्हणजे कोण? मी सांगते, बैलावर बसून घंटा वाजवत दारात येणारा. घोंगडं टाकून बसायचा, आपल्या घराण्याची नावं पार मुळापासून म्हणून दाखवायचा आणि सुपभर जोंधळे घेऊन पुढच्या दारी जायचा. आमच्या हेळव्यानं त्या दिवशी खापरपणज्यापासून सुरुवात केली. आप्पांचं नाव आलं, तुझं आलं. तू नुकताच मास्तर झालेला. टोपी सरळ करून म्हणालास, "आणि आमची आई?"

"निपाणीकडची लेक. तुमच्यात लक्ष्मी म्हणून आली."

"ते झालं सासरचं नाव. माहेरी काय नाव होतं तिचं?"

हेळवी हसला. "मास्तर, लेकीचं नाव तिच्या माहेरच्या हेळव्याकडं."

तू वर्षभरानं तोही गाठलास, संकेश्वरच्या बाजारात. बैलाला पाणी दाखवत होता. त्यानं घराणं बरोबर सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं, मामाचं सांगितलं. पुढं म्हणाला, "थोरली लेक बेळगावाकडं दिली. दिली म्हंजे आता ती तिकडच्या हेळव्याची." दोघंही आपापल्या जागी खरे होते. आमची आई दोन बैलांच्या मधल्या वाटेवर कुठंतरी सांडली होती.

आई गेली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. मला तिची फक्त पाठ आठवते, चुलीपुढची. तू मोठा, तुला चेहरा आठवायला हवा होता. पण तू मला एकदा, आजूबाजूला कुणी नाही असं बघून सांगितलंस, "काशे, मलाबी आठवत न्हाय गं. मी आठवतो म्हणून सांगत आलो. चेहरा गेला. निदान नाव तरी मिळायला पायजे." तेव्हापासून तुझ्या त्या नादाला मी कधी नाद म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं असेल, मनात नाही.

आप्पा असताना तू त्यांनाही विचारलं होतंस. ते पान जुळवत होते. म्हणाले, "इथं आल्यावर ती लक्ष्मी झाली. त्याच्या आधीचं मला काय करायचंय?" आप्पांनी तिला कधी लक्ष्मी म्हणूनही हाक मारली नसणार. 'ऐकलंस का' एवढंच. अख्खं आयुष्य ती तेवढ्याच नावावर राहिली.

आणि माझं शहाणपण काय वर्णावं! माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, जानकी. मी अकरा वर्षांची. नवी चोळी मिळावी तसा मला आनंद झाला होता. मांडवात फिरून फिरून सगळ्यांना सांगत होते, "मी आता काशी न्हाय, जानकी." तू परड्यातून "काशे" म्हणून हाक मारलीस तर मी वळूनही बघितलं नाही. तू जवळ येऊन म्हणालास, "बहिरी झालीस व्हय?" मी नाक उडवून सांगितलं, "त्या नावाची पोरगी हितं न्हाय." केवढा तोरा! शेंबूड धड पुसता येत नव्हता आणि नाव टाकून द्यायला निघाली होती. महिन्याभरात सासरच्या न्हाणीघरात तोंडावर पाणी मारता मारता मी स्वतःलाच "काशे, काशे" म्हणत होते. नीट आठवत राहावं म्हणून.

तू ते कधी विसरू दिलं नाहीस, हे तुझे माझ्यावर उपकार. दर पंचमीला न्यायला यायचास आणि निपाणीच्या आमच्या चौकात उभा राहून भसाड्या आवाजात ओरडायचास, "काशे, आटप!" सासूबाई पहिल्या वर्षी बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून.

"कोन काशी? हितं कोन काशी ऱ्हात न्हाय."

तू टोपी काढून नमस्कार केलास. "चुकलं माझं. मग मी दुसऱ्याच्या घरात आलो." आणि खरंच मागं फिरून, पिशवी खांद्याला अडकवून चालायला लागलास. पिशवीतल्या तंबिटाच्या लाडवांचा वास चौकभर सुटलेला. सासूबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरं ए मास्तर, ये माघारी. लाडू तरी ठेवून जा." पुढं पुढं तर पंचमी जवळ आली की त्याच मला चिडवायच्या, "काशीचा भाऊ कवा येतोय?" त्या गेल्या. मग ते नाव या घरात वर्षातून एकदाच ऐकू यायचं, तुझ्या तोंडून.

तू गावोगाव हिंडायला लागलास त्याची गंमत तू रंगवून सांगायचास. आईच्या मुलखात, वेदगंगेच्या काठच्या गावांतून, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांपुढं बसून विचारायचास, तुमचे आजोबा कोण, पणजोबा कोण. लोकांना वाटायचं, जमिनीत वाटा मागायला आलाय. एकानं तुला ताक पाजलं आणि मागच्या दारानं पोराला तलाठ्याकडं पळवलं. एकानं तर दारातूनच विचारलं, "किती एकर म्हणतोस?" तू म्हणालास, "मला एकर नको, नाव पायजे." तो म्हणाला, "सगळे आधी नावच मागत्यात." हे सांगताना तुला खोकला येईपर्यंत हसू यायचं.

पुरुषांची नावं मिळत गेली. गठ्ठ्यानं मिळाली. त्यांचं झाड काढून तू मला दाखवलंस तेव्हा मी म्हटलं, "हे एवढे बाप्ये काय एकमेकांच्या पोटातून निघाले व्हय?" तू रागावलास. "मग आणून दे तू नावं. मी लिहितो." तिथंच ठरलं, मामीकडं जायचं. मामा कधीच वारला होता, आजी-आजोबा त्याच्याही आधी. आईला माहेरच्या नावानं ओळखणारं एकच माणूस जिवंत होतं, आणि ते म्हणजे मामाची बायको.

त्या दिवसाचं सगळं आठवतं मला. जोंधळ्याच्या भाकरीचा वास, दारातलं शेणानं सारवलेलं ओलं अंगण, आणि माझ्या कानांतल्या बुगड्या. नव्या कोऱ्या, मोत्यांच्या. इरकली नेसून, त्या बुगड्या घालून मी बैलगाडीतून निघाले होते. आईचं नाव शोधायला निघालेली बाई अशी दिसते का? पण मामीनं बुगड्या बघाव्यात, एवढंच माझ्या डोक्यात. आपलं काही कमी नाही हे आईच्या माहेरी दिसायला नको?

मामीनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. तू थेट विचारलंस.

"मामी, आमच्या आईचं माहेरचं नाव काय होतं?"

"वन्संचं?"

"व्हय."

"ठाऊक हाय की. सासूबाई परड्यातनं हाक मारायच्या तर मळ्यापतोर ऐकू जायचं."

आपण एकमेकांकडं बघितलं. तू पेन्सिल कागदावर टेकवलीस.

"मग सांगा की."

मामीनं पदर पुढं ओढला. "मी कशी सांगू रं? थोरल्या नणंदेचं नाव मी कसं घिऊ?"

तुला वाटलं, ती लाजतेय. मला हसू आलं. आपण तिला समजावलं, विनवलं. तिचा मुलगा शेतातून आला, त्याला विचारलं. त्याला काय ठाऊक? त्याच्या जन्मापासून घरात सगळे आपल्या आईला आक्का म्हणत. गावातल्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं होतं, "आक्का गं ती, आमची आक्का." शेवटी तू म्हणालास, "मामी, आई जाऊन इतकी वर्षं झाली. मामाबी न्हाय. आता कोण रागावणार हाय?"

मामी चिडली. "त्यास्नी जाऊन किती का वर्षं हुईनात. मी सून न्हाय व्हय ह्या घरची?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नाव सांगायचं तिच्या मनात होतं रे. जन्मभर न उच्चारलेला शब्द जिभेवर येऊन बसला होता आणि जीभ वळत नव्हती. मी तेव्हा तिला खुळी म्हणत होते, मनातल्या मनात. मी, जिनं नवऱ्याचं नाव उखाणा सोडला तर आजतागायत घेतलेलं नाही.

मग तिनंच वाट काढली. "तू नावं घे. माझं तोंड बंद. आलं की मान हलवीन. एकदाच बगा. तेवढ्याचीबी देवाकडं माफी मागायला लागंल."

तू मांडी घालून बसलास. शाळेत हजेरी घ्यावी तशी सुरुवात केलीस. पार्वती. सावित्री. रुक्मिणी. तुळसा. प्रत्येक नावापाशी थांबून वर बघायचास. मामी डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून, देवळातल्या दगडी मूर्तीसारखी. देव झाले, देवांच्या बायका झाल्या, झाडं झाली, फुलं झाली. मग तू नद्यांवर आलास आणि घात झाला. कारण नद्यांची नावं आपल्या घरात एकेक करून कुणी म्हटलीच नव्हती. आप्पा अंगावर पहिला तांब्या घेताना ती एका दमात म्हणायचे, तूही तशीच म्हणायचास. तोंडाला तेच वळण. गंगा यमुना गोदावरी सरस्वती नर्मदा सिंधू कावेरी, सगळ्या नद्या एका तांब्यात!

मान हलली. हे आपल्या दोघांनाही मान्य होतं. तिथं कधी वाद झाला नाही.

"थांबा, थांबा मामी, कुठल्याला?"

मामीनं डोळे उघडले. चेहरा उजळलेला. "सांगितलं की."

"पुन्हा एकदा, नुसतं—"

"एकदाच म्हटलं हुतं मी." ती उठली, आत गेली आणि शेंगा-गूळ घेऊन आली. तिच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं होतं! नंतर हसून बोलत होती, जेवायला थांबा म्हणत होती. तिच्या मतानं तिनं आपल्या नणंदेचं नाव पोरांच्या हवाली केलं होतं. ते आपल्या हातातून तिथंच निसटलंय, हे तिला सांगायला आपल्याला धीर झाला नाही. पुढच्या खेपेला लाडीगोडीनं काढून घेऊ म्हणून निघालो. बुगड्यांकडं तिनं शेवटपर्यंत बघितलं नाही.

गाडीवान बैल जुंपत होता तेव्हा तू म्हणालास, "गोदा."

मी म्हटलं, "सरस्वती."

"मी म्हणत हुतो का तू म्हणत हुतीस? गोदाला हलली."

"तू कागदाकडं बघत हुतास. सरस्वतीला हलली."

"आणि तू कुठं बघत हुतीस? तुझी मान तिच्यापेक्षा जास्त हलत हुती. बुगड्या दाखवायला!"

निपाणी येईपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. चाळीस वर्षांच्या भांडणाची ती सुरुवात आहे हे ठाऊक असतं, तर तिथंच गाडी वळवून मामीचे पाय धरले असते. वळवली नाही. पुढच्या सुगीपर्यंत प्लेग आला. गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं आणि मामी त्या झोपडीतून परत आली नाही. तू मला सांगायला आलास. दारातच उभा राहून म्हणालास, "आता जे हाय ते आपल्या दोघांकडंच."

आणि काय होतं आपल्याकडं? अर्धी बघितलेली एक मान.

तुझी पत्रं यायची, "गोदेच्या लेकीस आशीर्वाद." मी उत्तर द्यायची, "सरस्वतीच्या चिरंजीवास नमस्कार." पोस्टमन एकदा म्हणाला, तुम्हा बहीण-भावाच्या आया वेगळ्या व्हय? तुला मुलगी झाली तेव्हा तू हट्टानं गोदावरी नाव ठरवलंस. बारशाला नाव कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पाळण्यात वाकून मी तिच्या कानात काय सांगितलं असेल? सरस्वती. पाठीत बुक्क्या बसल्या त्या तुझ्याच होत्या, मी ओळखल्या. एवढं करून पोरगी लग्न होऊन गेली आणि सासरच्यांनी तिचं नाव उषा ठेवलं. तुझी गोदाही गेली, माझी सरस्वतीही गेली. त्या दिवशी मांडवात तू माझ्याकडं बघितलंस. आपण दोघंही हसलो नाही.

हे सगळं गमतीचं म्हणून सांगत आले मी. लोक हसायचे. आता कुणाला सांगायला गेले की तोंडातच विरतं. भांडण आहे तोवर आई दोनच नावांच्या मधे कुठंतरी उभी आहे असं वाटायचं. एकाला तू धरून ठेवलं होतंस, एकाला मी. आई तशी हरवलेली नव्हती. आपण दोघं सोडत नव्हतो म्हणून.

तुझं जास्त झाल्याचा निरोप आला आणि मी मोटारीनं निघाले. गावोगाव झेंडे शिवत होते, पोरं तीन रंगांच्या कागदाच्या माळा लावत होती. माझं कशात चित्त नव्हतं. हत्तरगीच्या चढाला मोटार कण्हत चढत होती तेव्हा मी मनाशी ठरवलं. जाऊन सांगायचं, अण्णा, तुझंच खरं. गोदाच. माझं लक्ष बुगड्यांत होतं. एवढ्या वर्षांचं भांडण, जाताना त्याला जिंकू द्यायचं. तेवढंच माझ्याकडं तुला द्यायला होतं.

तुझा हात हातात घेतला. कातडं नि हाडं. तू डोळे उघडलेस.

"काशे."

"व्हय रे."

"तुझंच खरं असंल. सरस्वतीच."

मला इतका राग आला अण्णा! "आता पळ काढतोस व्हय?" म्हटलं मी. तू हसलास, मग खोकलास, मग वैनीनं मला बाजूला सारून तुला पाणी पाजलं. मी माझं सांगितलंच नाही. म्हटलं, आता बोलले तर नुसती शोभा. उद्या सकाळी त्याला जरा बरं वाटलं की सांगू, आणि नीट भांडू. सकाळी तू बोललाच नाहीस.

तुला खरंच तसं वाटत होतं का? की तूही माझ्यासारखंच, बहिणीला जिंकू द्यायचं म्हणून? रात्रंदिवस मी याच विचारात असते. तू मनापासून बोलला असशील तर आईचं नाव सरस्वती. तू माझ्यासाठी बोलला असशील तर तिचं नाव काय ते मला कधीच कळणार नाही. आणि मला ओळखणाऱ्या माणसाला मी ओळखते. तू माझ्यासाठीच बोललास. माझी सरस्वती तू मला दिलीस, तुझी गोदा मी मनात तुला देऊन बसले होते, आणि या देण्याघेण्यात आपण तिला मधल्यामधे टाकून दिलं. भांडलो असतो तर ती राहिली असती.

दिवस झाल्यावर तुझा वसंता ते पुरुषांचं झाड घेऊन माझ्यापुढं बसला. मुलगा गुणी आहे, तुझ्यासारखीच टोपी घालतो. "आत्ती, आजीच्या जागी आप्पांच्या शेजारी कोरं सोडलंय. काय लिहू?" सांगायचं काय? सरस्वती म्हणावं तर मेलेल्या माणसाशी भांडण जिंकल्यासारखं. गोदा म्हणावं तर तू शेवटी बोललास ते खोटं पाडल्यासारखं. वाट बघून तो म्हणाला, "मग लक्ष्मी लिहितो. सगळीकडं तेच हाय." आणि लिहिलं. तुझ्याहून सुंदर अक्षरात. आपल्या दोघांचाही निकाल तुझ्या पोरानं एका ओळीत लावून टाकला. शाई सुकेपर्यंत मी बघत बसले होते.

पंचमी झाली काल. घरात काही चिरलं नाही, तवा चढवला नाही, पोरी झोके घेऊन आल्या. चौकात कुणी ओरडलं नाही. सांजेला सूनबाई माझे पाय चेपत बसली होती. एकाएकी मला काय सुचलं कुणास ठाऊक.

"सूनबाई, मला एकदा काशी म्हण."

तिनं जीभ चावली. "अगं बाई! आत्याबाई, तुमचं नाव मी कसं घिऊ?"

"हे सासरचं नव्हं गं. माहेरचं. अण्णा दारात येऊन ओरडायचा, ऐकलंयस की तू."

"कुठलं का असंना. तुमचंच न्हवं?"

"मी मेल्यावर तरी घेशील?"

तिचे डोळे भरून आले. "असलं काय बी बोलू नगासा." आणि माझे पाय आणखी जोरात चेपायला लागली. कसं सांगू तिला? चिडता येईना, हसता येईना. ती काही खुळी नाही रे. मामीही नव्हती.

मी म्हटलं, "बरं. तोंड बंद ठेव. मी नावं घेते. माझं आलं की मान हलव."

ती पाय चेपायची थांबली. मी एकेक नाव घेतलं, प्रत्येकापाशी थांबून. पार्वती. सावित्री. रुक्मिणी. तुळसा. नद्यांकडं गेलेच नाही. बुगड्या मी नातीला कधीच देऊन टाकल्यात, कानांत हलण्यासारखं काही नव्हतं. मी सगळं लक्ष तिच्या मानेवर ठेवलं होतं.

काशी.

तिची मान हलली. मी नीट बघितली. काशीलाच हलली. "नाही, दुसऱ्या कुठल्या तरी नावाला हलली," असं म्हणणारं घरात कुणी नव्हतं.